मूळ संख्येवर फोडलेला नारळ

माझ्या वडिलांनी मला आयुष्यात एकदाही ‘ओके’ म्हटलेलं नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या, बदलापूरच्या कात्रपमध्ये स्वतःचा गणिताचा क्लास चालवणाऱ्या आणि सकाळी डायबिटीसची गोळी घेणाऱ्या माणसानं ही तक्रार करावी यात शोभा नाही, हे मला कळतं. पण ज्या माणसानं अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात छत्तीस वर्षं काढली आणि दिवसभर लोखंडी तुकड्यांच्या रिपोर्टांवर ‘ओके’चा गोल शिक्का मारला, त्याला त्यातला एखादा घरी खर्च करायला काय झालं होतं, असं मला अजून वाटतं.

आमच्या घरात सगळ्याचीच तपासणी व्हायची. आईची पोळी उजेडाकडे धरून बघितली जायची. माझं अक्षर रीवर्कला परत यायचं. बाबांच्या शिक्क्यावर ‘ओके’च्या खाली त्यांचा नंबर होता, ९१. प्रत्येक इन्स्पेक्टरचा नंबर वेगळा, म्हणजे माल पुढे बिघडला तर कुणाची मान धरायची ते कळतं. शाळेत मूळ संख्या शिकवल्या त्या दिवशी मी घरी येऊन मोठ्या थाटात जाहीर केलं, "बाबा, तुमचा नंबर मूळ संख्या आहे. त्याला कशानंच भाग जात नाही."

बाबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "तेराचा पाढा म्हण."

मी म्हणत गेलो आणि ‘तेरा साते एक्क्याण्णव’ला येऊन अडकलो.

"रिजेक्ट," बाबा म्हणाले आणि दुसऱ्या गालाला साबण लावायला लागले.

मूळ संख्यांचा माझा नाद तिथून सुरू झाला. त्याला सूड म्हटलं तरी माझी हरकत नाही.

आता हा नाद काय असतो ते सांगतो. एक आणि ती स्वतः यांखेरीज जिला कशानंही भाग जात नाही ती मूळ संख्या. एक सोडला तर बाकीच्या सगळ्या संयुक्त. मूळ संख्या कधी संपत नाहीत हे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे. म्हणजे सगळ्यात मोठी अशी कुणी नाहीच. तरीही जगभरचे रिकामटेकडे लोक आधीच्यापेक्षा मोठी शोधत बसलेले असतात आणि मी त्यांच्यातला बदलापूर पूर्वेचा प्रतिनिधी. आजवर सापडलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या चार कोटींहून जास्त अंकांची आहे. एका पानावर हजार अंक बसवले तरी दोनशेपानी दोनशे वह्या भरून ती वर उरेल.

पद्धत अशी. दोनाला दोननं पुन्हा पुन्हा गुणत जायचं, तेरा कोटींहून जास्त वेळा, आणि शेवटी त्यातून एक वजा करायचा. अशा संख्या तपासायला सोप्या पडतात. सोप्या म्हणजे माझ्यासारख्याचा घरगुती कॉम्प्युटर एका संख्येला दीड महिना घेतो, तोही रात्रंदिवस चालू राहिला तर. इंटरनेटवरून आपल्या नावावर एक संख्या मागून घ्यायची, प्रोग्राम लावून द्यायचा आणि वाट बघायची. दीड महिन्यानं एका ओळीचं उत्तर येतं. मला तोवर अकरा वेळा आलं होतं आणि अकराही वेळा ‘मूळ नाही’ असंच आलं होतं.

आमची बायको याला स्थळ बघणं म्हणते. "आलं का उत्तर? काय म्हणतायत मंडळी?" असं ती स्वयंपाकघरातून विचारते आणि मी ‘नकार’ म्हटलं की कुकरची शिट्टी काढते. जिंकलो तर काय मिळणार, हेही तिनं पहिल्याच महिन्यात विचारून घेतलं होतं. थोडंफार बक्षीस असतं आणि यादीत नाव लागतं, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "नाव तर गॅसच्या यादीतही आहे."

कॉम्प्युटर मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून जोडून घेतला होता. तिथल्या एका गल्लीत एका सिंधी दुकानदाराचं दोन माणसं जेमतेम मावतील एवढं दुकान आहे. तो हातानं सुटे भाग जोडतो आणि तोंडानं दुनियेची खबर घेतो. त्यानं विचारलं, "सर, गेमिंग के लिए या एडिटिंग के लिए?" मी म्हटलं, मोठमोठ्या मूळ संख्या शोधायच्या आहेत. तो क्षणभर हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून थांबला. "मिल गया तो बेचते कहाँ हो, साईं?" त्यानं विचारलं. विकत नाहीत, हे ऐकल्यावर त्यानं मला चहा पाजला आणि पंखा चांगल्या कंपनीचा लावून दिला. त्याला माझी दया आली असावी.

आई गेल्यानंतर बाबा अंबरनाथचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले. आमच्यात बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं. ‘जेवलात का’ आणि ‘पाणी येऊन गेलं’ या दोन वाक्यांवर आमचे महिनेच्या महिने निघायचे. क्लासच्या मागच्या खोलीत तो कॉम्प्युटर घरघरत असायचा. एका सकाळी बाबा आत आले, मशीनवर पालथा हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "हा काय पीस चाललाय?"

मी सांगितलं. वाटलं होतं, बायकोसारखे हसतील. पण बाबांनी दोन प्रश्नांत सगळं समजून घेतलं.

"म्हणजे गेज लावायचा. बसला तर ओके, नाही तर रिजेक्ट."

"हो."

"आतापर्यंत रिजेक्शन किती?"

"शंभर टक्के."

"तू तपासलंस, का नुसतं मशीननं सांगितलं?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फर्स्ट शिफ्ट सुरू केली. सकाळी सातला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मागच्या खोलीत हजर. एक लांबडी वही आणली, पट्टीनं रकाने पाडले. तारीख, वेळ, किती टक्के काम झालं, मशीन गार की कोमट की गरम, आणि शेवटी शेरा. तापमान ते हातानंच घेत. शुक्रवारी इकडे हमखास लाइट जाते. त्या दिवशी ते इन्व्हर्टरशेजारी खुर्ची टाकून बसत आणि लाइट आली की वेळ टिपून घेत. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं हे ते मला विचारत, कारण स्क्रीनवरचं बारीक इंग्रजी त्यांना दिसत नसे. काही विशेष नसेल तर मी ‘नील’ सांगे आणि ते ‘नील’ लिहीत. त्या निमित्तानं आम्ही रोज दहा मिनिटं तरी बोलायला लागलो. मला ते फार आवडायला लागलं होतं, पण तसं बोलून दाखवायची आमच्या घरात पद्धत नाही.

बारावी संख्या मिळाली तेव्हा मी ती दोनदा वाचली. दोनाला जितक्या वेळा गुणायचं तो घातांकच ९१ वर संपत होता. गणित शिकवणाऱ्या माणसानं अशा योगायोगात काही बघू नये. मी मुलांना हेच शिकवतो. पण मी बाबांना म्हटलं, "ही निघणार. बघा तुम्ही."

"निघाली तर ओके म्हणीन," बाबा म्हणाले.

झालं. तेव्हापासून मला जगातली सगळ्यात मोठी संख्या नको होती, हे दोन अक्षरांचं बक्षीस हवं होतं. मी देव मानत नाही, पण त्या दिवसांत देवघरासमोरून जाताना उगाच चाल मंदावायची.

आणि मग तो प्रकार सुरू झाला. निम्मंअधिक काम झालं होतं. एका सकाळी स्क्रीनवर ओळ दिसली की हिशेबात चूक आढळली आहे, म्हणून प्रोग्राम मागच्या साठवलेल्या जागेवर जाऊन पुन्हा करतो आहे. एखाद्या वेळी असं होतं. दोन दिवसांनी पुन्हा झालं. मग पुन्हा. याचा अर्थ मशीनमधलं काहीतरी सडलं होतं आणि शहाण्या माणसानं तिथंच थांबून शोध घ्यायला हवा होता. फार चुका झाल्या की शेवटच्या निकालावर संशयास्पद असा शिक्का बसतो आणि त्याला कुणी विचारत नाही. चुका जास्त नीट पकडणारी नवी पद्धतही आलेली होती. पण मी जुन्यालाच चिकटून होतो, कारण ती मला आधीपासून येत होती.

मी काय केलं? खिडकी मिनिमाइज केली. बाबांनी विचारलं, "शेरा?" मी म्हटलं, "नील." तीन आठवडे रोज सकाळी मी ‘नील’ सांगत होतो आणि ते त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहीत होते.

खंडेनवमीला काम चौऱ्याण्णव टक्क्यांवर होतं. मी सकाळीच झेंडू आणि आपट्याची पानं आणायला बदलापूर गावात गेलो. बायको माहेरी गेली होती. कारखान्यात खंडेनवमीला काय व्हायचं ते मला लहानपणापासून माहीत होतं. सगळी यंत्रं बंद, धुऊनपुसून साफ, हळदकुंकू, हार, आणि प्रत्येक लेथसमोर नारळ. फोडला की नारळाचं पाणी आधी यंत्रावर शिंपडायचं, मग माणसांनी प्यायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत बटणाला कुणी हात लावायचा नाही. बाबांची देवावर श्रद्धा बेताची होती, पण लेथवर पूर्ण होती.

मी परत आलो तेव्हा घरात शांतता होती. ती घरघर थांबलेली मला दारातच कळली. मागच्या खोलीत कॉम्प्युटर चकचकीत पुसून पाटावर ठेवला होता. शेजारी बाबांचं व्हर्नियर आणि मायक्रोमीटर तेल लावून मांडलं होतं. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडूचं एक एक फूल (ती फुलं त्यांनी आधीच आणून ठेवली होती). आणि डब्याच्या डोक्यावर, जिथून पंख्याची गरम हवा बाहेर पडते त्या जाळीवर, नारळाचं पाणी चमकत होतं.

"दोन महिने सुट्टी नाही त्याला," बाबा म्हणाले. "आजच्या दिवस तरी आराम हवा. नीट बंद केलाय, बटणानं." त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढे धरला.

लेथ ओतीव लोखंडाची असते. तिच्या डोक्याला जाळी नसते. वरचं पाणी मी पुसून घेतलं होतं, आत किती उतरलं ते बघितलं नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी मी बटण दाबलं तेव्हा एकदा ‘टक्’ झालं आणि ओल्या खोबऱ्याच्या वड्या करपल्यासारखा वास सुटला.

मी जे बोललो ते लिहायला मला लाज वाटते, पण बोललो मी, लपवू कशाला. मी ओरडलो की चौऱ्याण्णव टक्के झाले होते. ओरडलो की ती निघणार होती, तुम्ही बुडवलीत. आणि वर म्हणालो, "छत्तीस वर्षं दुसऱ्यांचा माल रिजेक्ट केलात, आता माझाही केलात!" चुकांच्या त्या ओळी मला तेव्हा आठवत होत्या. अगदी लख्ख आठवत होत्या. म्हणून तर आवाज एवढा चढला होता.

बाबांनी वही उघडली, तारीख घातली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘यंत्रात नारळाचे पाणी. चूक माझी.’ खाली सही केली. दुसऱ्या दिवसापासून सात वाजता ते मागच्या खोलीत आले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसायला लागले.

चौथ्या दिवशी माहेरून परतलेली बायको म्हणाली, "अहो, एका आकड्यापायी तुम्ही वडिलांना बाकावर नेऊन बसवलंत. आणि तो आकडा तरी आपल्या नात्यातला आहे का?"

मी कॉम्प्युटर उचलून उल्हासनगरला निघालो तर बाबा चप्पल घालून दारात उभे. "पीस मी बिघडवला, मी येणार." रिक्षात आमच्या दोघांच्या मध्ये ती पेटी होती आणि अख्खा रस्ता आम्ही तिच्या दोन बाजूंनी बाहेर बघत बसलो.

कॅम्प दोनच्या त्या दुकानदारानं डबा उघडला. आतून झेंडूच्या दोन पाकळ्या निघाल्या. त्यानं त्या बोटावर घेतल्या, वास घेतला, आत वाकून पाहिलं. "साईं, ये कंप्यूटर है कि मंदिर? प्रसाद किसने चढ़ाया?"

"मैंने," बाबा म्हणाले. अगदी ताठ उभं राहून म्हणाले.

मदरबोर्ड गेला होता, पॉवर सप्लायही गेला होता. हार्ड डिस्क शाबूत होती. दुकानदारानं ती आपल्या मशीनला जोडली आणि माझा चौऱ्याण्णव टक्क्यांचा साठा जसाच्या तसा समोर आला. माझा जीव भांड्यात पडला. नवा बोर्ड घातला की राहिलेलं काम तीन दिवसांत संपलं असतं. तेवढ्यात त्यानं माझी जुनी रॅमची पट्टी काढून तपासली, प्रोग्रामची नोंद वरखाली सरकवली आणि सहज म्हणाला, "सर, नारियल तो अभी गिरा. ये रॅम तो पहले से मरी हुई है. ये देखो, एरर, एरर, एरर. आपने देखा नहीं?"

बाबा पुढे झाले. दुकानदारानं अक्षरं मोठी करून दिली. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि तारखा वाचल्या, एकेक, मोठ्यानं. सगळ्या खंडेनवमीच्या आधीच्या. बारा तारखा वाचून ते थांबले आणि मग बाहेर जाऊन उभे राहिले.

नवे भाग बसेपर्यंत तास लागणार होता. बाबांनी समोरच्या गाडीवर दोन दाल पकवान सांगितले. मी माझं पकवान नुसतं हातात धरून उभा होतो. त्यांनी आपलं पकवान नीट मोडलं, डाळीत बुडवून खाल्लं, हात पुसले.

"किती दिवस माहीत होतं?"

"तीन आठवडे."

"आणि मला वहीत नील लिहायला लावलंस."

मी म्हटलं, "बाबा, त्या नारळाबद्दल मी तुम्हाला जे—"

"नारळाचं सोड. नारळ मी फोडला, मी लिहिलं. तू लिहिलंस?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. आयुष्यात त्यांनी मला हजारदा रिजेक्ट केलं असेल, पण इतकं लागलं कधीच नव्हतं. तिथं गाडीजवळ, हातात पकवान घेऊन, मला स्वतःची शिसारी आली.

घरी आल्यावर मशीन जोडलं. प्रोग्रामनं विचारलं, साठवलेल्या जागेपासून पुढे चालू करायचं का? तीन दिवसांचं काम. निकाल संशयास्पद म्हणून नोंदला गेला असता, पण बाबांना तो शेरा वाचता आला नसता आणि उत्तर ‘मूळ’ आलं असतं तर मला ‘ओके’ मिळालं असतं. हा विचार माझ्या डोक्यात आला नाही असं मी म्हणणार नाही. बराच वेळ होता तो डोक्यात. मग मी तो साठा पुसून टाकला, नवी पद्धत निवडली आणि शून्य टक्क्यापासून सुरू केलं. बाबांची वही मागून घेतली. त्या बारा तारखांसमोरच्या प्रत्येक ‘नील’वर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘चूक आढळली होती. माहीत असून सांगितली नाही. चूक माझी.’ बारा वेळा लिहिलं, बारा वेळा सही केली.

बाबांनी वही वाचली आणि मिटून ठेवली. सकाळी सातला मागच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

पुढचा दीड महिना मी बाबांना स्क्रीनवरची प्रत्येक ओळ मोठी करून दाखवत होतो. शेरा ते आता स्वतः वाचून लिहीत. थंडी पडली, तसा त्यांचा पालथा हात डब्यावर जरा जास्तच वेळ राहायला लागला. शेकायला बरं वाटतं, असं त्यांनी एकदा कबूल केलं. एका शुक्रवारी लाइट चार तास गेली आणि इन्व्हर्टर मान टाकायला लागला, तर त्यांनी बायकोला मिक्सर लावू दिला नाही. तिनं चटणी पाट्यावर वाटली आणि मूळ संख्यांच्या नावानं जे काही म्हणाली ते छापण्यासारखं नाही.

एका सकाळी सव्वासातला उत्तर आलं. एक ओळ.

"काय म्हणतायत मंडळी?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"नकार," मी म्हटलं.

"पत्रिका जुळली नसेल," ती म्हणाली. या वेळी मात्र तिनं कुकरची शिट्टी काढली नाही.

९१ वर संपणारा तो घातांक, माझी खात्री, सगळं संयुक्त निघालं होतं. बाबांनी ओळ दोनदा वाचली. मग वहीतली सगळी पानं उलटून शेऱ्याच्या रकान्यावरून बोट फिरवत खालपर्यंत आले. मग उठून आपल्या खोलीत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा हातात तो गोल शिक्का होता. रिटायर होताना शिक्का खात्यात जमा करावा लागतो. इतक्या शिस्तीच्या माणसाकडे तो ट्रंकेत कसा, हे मी विचारलं नाही.

शाईचं पॅड घरात नव्हतं. बाबांनी देवघरातलं कुंकू वाटीत कालवलं, त्यात शिक्का टेकवला आणि वहीच्या शेवटच्या ओळीवर जोर देऊन मारला.

"बाबा," मी म्हटलं, "संयुक्त निघाली ती. रिजेक्ट आहे."

"पीस रिजेक्ट आहे," बाबा म्हणाले. "तपासणी ओके."

पानावर लाल गोल उमटला होता. त्यात ‘ओके’ आणि खाली ९१. मला रडू फुटलं. ते लपवायला मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "बाबा, शाई नाही ही, कुंकू आहे. पुसून जाईल."

"मग वही नीट ठेव," बाबा म्हणाले.